नियम नसलेला खुंटा

ओट्याची उंची पाचशे नव्वद पूर्णांक पाच मिलिमीटर होती. सहाशे असती, तर वर्षालीचं लक्षही गेलं नसतं. माणूस नवं काही आखायला बसला की आकडे गोल धरतो. तीनशे, साडेचारशे, सहाशे. साडेनऊ मिलिमीटर कमी धरायला काहीतरी कारण लागतं. स्पर्धेच्या नियमपुस्तिकेत अकराव्या पानावर ते कारण कुठंच दिलेलं नव्हतं. वर्षालीला मात्र ते माहीत होतं.

ही गेल्या जानेवारीतली गोष्ट.

वर्षाली चाकणच्या एका कंपनीत मापनाच्या खोलीत कामाला होती. गाड्यांचे सुटे भाग मापात आहेत की नाहीत ते सांगायचं, एवढंच काम. खोलीचं तापमान बारा महिने वीस अंश, त्यामुळे भर मे महिन्यातही तिच्या खुर्चीवर शाल असायची. सहा दिवस पिंपळे गुरवहून कंपनीची बस, आणि रविवारी सकाळी त्याच रस्त्याने स्कूटरवरून चाकणच्या पुढच्या एका गावात, कोंडीरामच्या वखारीत. तिथं गावातल्या शाळेची आठ मुलं तिच्या हाताखाली रोबो बनवायची.

वखार कांद्याची होती. कोंडीरामने कांदा कमी केला आणि जुनं सुतारकाम पुन्हा वाढवलं, तेव्हा अर्धी वखार रिकामी झाली. कांद्याला वारा लागावा म्हणून तिच्या भिंती लाकडी पट्ट्यांच्या होत्या, दोन पट्ट्यांमध्ये बोटभर फट. डोंगराकडून वारा आला की सगळी वखार हळू आवाजात श्वास घेतल्यासारखी वाजायची. मुलांना त्याची सवय होती. वर्षालीला दहा वर्षांत झाली नव्हती.

स्पर्धा राज्यभरातल्या शाळांची. दरवर्षी जानेवारीच्या पहिल्या शनिवारी दुपारी बारा वाजता नवा खेळ जाहीर व्हायचा. खोलीएवढं मैदान, त्यावर उचलायच्या वस्तू, त्या कुठं ठेवायच्या, शेवटच्या अर्ध्या मिनिटात रोबोने कशावर चढायचं. त्या क्षणापर्यंत खेळ कुणालाच माहीत नसतो, आणि पुढे फक्त दोन महिने मिळतात. म्हणून नोव्हेंबरपासून सगळ्या शाळा अंदाज बांधतात. बाकीचे गंमत म्हणून बांधायचे. वर्षालीने तक्ता केला.

सतरा वर्षांचे खेळ तिने एकाखाली एक मांडले होते. लागोपाठ तीन वर्षं चेंडू कधी आला नव्हता. कड्यांनंतर नेहमी चौकोनी ठोकळे येत. चढायचा खेळ झाला की पुढच्या वर्षी तोल सांभाळायचा. सुरुवातीच्या खेळांत मैदानालगत चार मुलं उभी राहून रोबोला वस्तू द्यायची. मग तीन झाली, मग दोन. पहिल्या वर्षी तिचा अंदाज निम्मा खरा ठरला. दुसऱ्या वर्षी निम्म्याहून थोडा जास्त. त्यानंतर तो चुकलाच नाही.

ओट्याचं असं झालं होतं. गेल्या खेपेच्या नोव्हेंबरात तिने तक्त्यातल्या अंदाजाप्रमाणे कोंडीरामला सरावाचं मैदान करायला सांगितलं होतं. ओट्याची उंची सहाशे. कोंडीरामने केला, आणि तिने सवयीने मोजला.

"बाबा, हा साडेनऊ मिलिमीटर कमी आहे."

"तीन सूत," कोंडीराम म्हणाला. "कमी न्हाई, सोडल्यात."

"कशासाठी?"

"फरशीसाठी. म्याडम, चाळीस वर्सं दारं बशिवतोय. दार बशिवलं की मागनं फरशी येती. तीन सूत नाय सोडलं तर दार घासतं अन् घरमालक आपल्या नावानं शिव्या घालतो."

"पण हा ओटा आहे. इथं फरशी कुठून येणार?"

"आता न्हाई. फुडं कुणी घातली मंजी?"

मुलं हसली. कोंडीरामची नात दिव्या सगळ्यात मोठ्याने हसली. "आबा पाटाखाली पण तीन सूत सोडतात, मॅडम."

वर्षालीने वाद घातला नाही. कंपनीतल्या शिस्तीप्रमाणे तिने तक्त्यात दोन आकडे लिहिले. 'अपेक्षित' खाली सहाशे, 'प्रत्यक्ष' खाली पाचशे नव्वद पूर्णांक पाच.

आणि दीड महिन्याने नियमपुस्तिका आली.

मुलं नाचली. नियमपुस्तिकेत होतं तसंच मैदान, बोटभरही फरक नसलेलं, त्यांच्यासमोर आधीच उभं होतं. मार्चमध्ये फिरती ढाल गावात आली. शाळेच्या व्हरांड्यात काचेच्या कपाटात ती ठेवली गेली, सरपंचांनी भाषण केलं, कोंडीरामने फेटा बांधला. दिव्या तेव्हा नववीत होती, आणि रोबो तीच चालवायची. ढाल घेताना तिचा फोटो पेपरात आला, आणि 'पोरीची जात, मशीनच्या नादाला लागली' म्हणणारी तिची आत्या तो फोटो पर्समध्ये घालून हिंडू लागली.

वर्षालीच्या डोक्यात एकच होतं: चाळीस वर्षं दारं बसवलेल्या माणसाची सवय त्या पुस्तिकेत पोचली कशी? संयोजकांना लिहायला हवं, एवढं तिला त्याच दिवशी कळलं होतं. पत्र तिने लिहिलंही. मग वाटलं, स्पर्धा होऊ दे. मग ढाल आली, मग सत्कार, मग मुलांच्या परीक्षा. पत्र होतं तिथंच राहिलं.

यंदाच्या नोव्हेंबरात तक्त्यासमोर बसल्यावर तिला फार विचार करावाच लागला नाही. चौकोनी ठोकळे, मधे उतार, शेवटी झुलता पूल. मैदानालगत उभं राहणारं मूल: एक. गेल्या वर्षी जिथं दुसरं मूल उभं राहायचं, तो मागचा डावा कोपरा त्यामुळे रिकामा पडला. त्या कोपऱ्याकडे ती बराच वेळ बघत बसली. मग तिने एक नवा रकाना उघडला आणि लिहिलं: खुंटा, एक. उंची एकशे ऐंशी.

सतरा वर्षांत असलं काही आलं नव्हतं. त्याला काही काम नव्हतं. त्यावर काही ठेवायचं नव्हतं, त्याला शिवायचं नव्हतं. कुणाच्याही डोक्यात आपणहून येणार नाही असं काहीतरी तिला हवं होतं. ते परत आलं, तर निदान कळेल.

"ह्यो कशाला?" कोंडीरामने विचारलं. "गाय बांधायची का काय?"

"असू दे, बाबा."

"व्हय, असू दे. तुमी सांगायचं, आमी ठोकायचं." त्याने खुंटा केला. अर्थातच तीन सूत सोडून. वर्षालीने तो मोजला आणि 'प्रत्यक्ष' खाली लिहिलं: एकशे सत्तर पूर्णांक पाच.

जानेवारीचा पहिला शनिवार. तिने सुट्टी काढली होती. वखारीत, आठ मुलांतल्या सुजितच्या काकांचा लॅपटॉप एका खोक्यावर ठेवून मुलं भोवती दाटीवाटीने बसली. बारा वाजले. पडद्यावर संगीत, मग नव्या मैदानाचं चित्र हळूहळू वरून फिरत गेलं. चौकोनी ठोकळे. मधे उतार. झुलता पूल.

"आयला, जसंच्या तसं!" सुजित ओरडला. "मॅडम, तुम्ही ज्योतिषाचं दुकान टाका राव!"

चित्र फिरत मागच्या डाव्या कोपऱ्यात आलं. तिथं करड्या रंगाचा एक खुंटा उभा होता.

मुलं दुप्पट ओरडली. दिव्या ओरडली नाही. तिने मान वळवून वखारीतल्या खुंट्याकडे पाहिलं, आणि मग वर्षालीकडे.

पुस्तिका चौसष्ट पानांची होती. वर्षालीने ती दोनदा वाचली. सगळ्या आकृत्यांत खुंटा होता. उंची एकशे सत्तर पूर्णांक पाच. नियमांत त्याच्याबद्दल एक अक्षरही नव्हतं.

पुढच्या दोन आठवड्यांत शाळांच्या फोनवरच्या गटात दुसरा विषयच उरला नाही. खुंट्याला धक्का लागला तर गुण कापणार, असं कुणी लिहिलं. त्यात कॅमेरा आहे, असं कुणी. नाशिककडच्या एका शाळेने रोबोला खुंट्यापासून दोन फूट लांबून वळायला शिकवलं. ते पाहून पंधरा शाळांनी तसंच शिकवलं. चित्रफिती यायच्या: कुठल्या तरी गावातलं मैदान, भरधाव येणारा रोबो, कोपऱ्याजवळ आल्यावर मंदावणारा, मोठा वळसा घेणारा. एकाने फोटो टाकला, त्यात त्यांच्या खुंट्याला हळदकुंकू वाहिलेलं होतं. खाली लिहिलं होतं, 'रिस्क नको.' हसण्याची चित्रं पडली. चार दिवसांनी आणखी दोन शाळांच्या खुंट्यांवर हळदकुंकू दिसलं, आणि त्याखाली कुणी हसलं नव्हतं.

वर्षाली मापनाच्या खोलीत शाल घट्ट ओढून हे बघत बसायची. दोनशे शाळांत दोनशे खुंटे. एका दुपारी अर्धी रजा टाकून ती चिंचवडला गेली.

स्पर्धेचं कार्यालय स्टेशनजवळच्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर होतं. ज्ञानेश तिथं काम करायचा. तो तिच्या पहिल्या तुकडीतला मुलगा. इंजिनिअर झाला आणि स्पर्धेच्या पाच जणांच्या समितीत लागला. त्याने तिला बघून खुर्ची पुसली.

"मॅडम, तुम्ही! चहा सांगतो. ढालीचं अभिनंदन राहिलंच होतं."

"ज्ञानेश, खेळ कोण ठरवतं?"

"समिती."

"समितीत कोण?"

"म्हणजे... आराखडा येतो ना. आम्ही सुरक्षा तपासतो, आकृत्या काढतो, चित्रफीत करतो."

"येतो कुठून?"

ज्ञानेश हसला, मग थांबला. "मोठे सर करायचे पूर्वी. तीन वर्षांपूर्वी ते मुलाकडे गेले, कॅनडाला. पण सोय करून गेलेत. फोल्डरमध्ये फाइल आहे, तिच्यात दर नोव्हेंबरला पुढच्या वर्षीची ओळ भरलेली असते. आम्हाला वाटतं, तेच भरतात तिकडून."

"त्यांना विचारलंत कधी?"

"कशाला विचारायचं, मॅडम? वेळेवर येतंय की. आणि त्यांचा स्वभाव तुम्हाला माहीत नाही. विचारलं की म्हणायचे, तुला डोकं दिलंय ना?"

"फाइल दाखव."

त्याने संगणक तिच्याकडे वळवला. फाइलचं नाव होतं 'जुने खेळ'. रकाने तिचे होते. रंग तिने निवडलेले होते. 'अपेक्षित' आणि 'प्रत्यक्ष', शेजारी शेजारी.

कॉलेजात असताना ज्ञानेशने जुन्या खेळांची माहिती भरायला म्हणून तिच्याकडून हा तक्ता घेतला होता. कार्यालयात लागल्यावर त्याने तो संदर्भासाठी फोल्डरमध्ये ठेवला आणि विसरला. तक्ता ऑनलाइन होता, आणि तिच्याशी जोडलेलाच राहिला. ती घरी बसून जे लिहायची ते इथं उमटायचं. इथल्या पाच जणांपैकी प्रत्येकाला वाटायचं, हे उरलेल्या चौघांपैकी कुणाला तरी ठाऊक असेल.

"'प्रत्यक्ष' म्हणजे पक्कं माप, असं धरलं आम्ही," ज्ञानेश पुटपुटला. त्याचे कान लाल झाले होते. "म्हणजे मॅडम... तीन वर्षं..."

"तीन वर्षं खेळ कुणी ठरवलेलाच नाही," वर्षाली म्हणाली. "मी तुमचा अंदाज बांधत होते, आणि तुम्ही माझा अंदाज छापत होतात."

खाली रस्त्यावर रिक्षावाले कुणाशी तरी भांडत होते. तो आवाज तिला बरा वाटला.

"आणि खुंटा? त्याचा नियम का नाही केलात?"

"तुम्ही... म्हणजे फाइलीत काही लिहिलं नव्हतं. आम्ही चर्चा केली. शेवटी ठरलं, सरांनी मुद्दाम मोकळं सोडलं असणार." त्याने तिच्याकडे काकुळतीने पाहिलं. "मॅडम, हे बाहेर काढू नका ना. कुणाची तक्रार नाही. खेळ चांगलेच झाले, उलट आधीपेक्षा चांगले. आणि तुमचं काय होईल? ढाल काढून घेतील. त्या मुलीचं दहावीचं वर्ष आहे, सलग दोनदा जिंकली तर तंत्रनिकेतनात थेट मुलाखत असते. पुढच्या वर्षीपासून बघू की आपण. हे सगळं असं आहे हे आपल्या दोघांनाच माहीत."

ती उत्तर देणार होती, तेवढ्यात तिची नजर तक्त्याच्या तळाशी गेली. यंदाच्या ओळीखाली आणखी एक ओळ होती.

"ही तू भरलीस?"

"नाही. डिसेंबरातच आली ती. मला वाटलं... आत्ता म्हणजे मला वाटलं, तुम्हीच."

वर्षालीने ती भरली नव्हती. नोव्हेंबरनंतर तिने तक्ता उघडलाच नव्हता. कडी, कमान, तिरका पाट. आधीच्या सतरा वर्षांवरून कुणीही बांधला असता असा अंदाज. काही रकान्यांत तिनेच पूर्वी सूत्रं घातली होती. ती आपोआप खाली उतरली असतील. पण खुंट्याचा रकाना तिने यंदाच उघडला होता, आकडा हाताने टाकला होता. तिथं सूत्र नव्हतं. तिने त्या चौकोनावर बाण नेऊन खात्री केली.

खुंटे: २.

शेजारच्या रकान्यात, मैदानालगत उभी राहणारी मुलं: ०.

"हल्ली ही यंत्रं आपणहून भरतात पुढचं," ज्ञानेश म्हणाला. "आपण एक लिहिलं की दोन सुचवतात. तेच असेल."

"तेच असेल," ती म्हणाली. तिने ती ओळ निवडली आणि पुसून टाकली. चौकोन पांढरे झाले.

"पुसलीत तरी हरकत नाही, मॅडम," ज्ञानेश तिला धीर द्यावा तसं म्हणाला. "आमच्याकडे प्रत आहे. आकृत्यांचं काम सुरूसुद्धा झालंय."

रविवारी सकाळी ती वखारीत पोचली तेव्हा आतून रोबोच्या मोटरचा आवाज येत होता आणि माणसाचा एकही नाही. ती दारातच थांबली.

मुलं मैदानाभोवती उभी होती. कोंडीराम रंधा हातात धरून कोपऱ्यात. दिव्या नेहमीच्या जागी, रिमोट दोन्ही हातांत, आणि डोळ्यांवर ओढणी घट्ट बांधलेली.

रोबो उतारावर चढला. ठोकळा उचलला, वळला, ओट्यावर ठेवला. दुसरा उचलला. मागच्या डाव्या कोपऱ्याकडे जाताना तो मंदावला, खुंट्याला वळसा घालून सरळ झाला आणि पुलावर जाऊन थांबला. पूल एकदा झुलला आणि स्थिर झाला. पट्ट्यांमधून वारा आत आला आणि वखार वाजली.

"दोन मिनिटं बारा सेकंद," सुजित हळूच म्हणाला. "काल दोन सतरा होते."

दिव्याने ओढणी खाली केली. ती हसत नव्हती. "मॅडम, बघायची गरजच पडत नाही. हात आपोआप जातात."

"कधीपासून?"

"पुस्तिका यायच्या आधीपासून. डिसेंबरपासूनच."

"पोरगी झोपेत बी बोटं हालवती," कोंडीराम म्हणाला. त्याने ते कौतुकाने सांगायला सुरुवात केली होती, पण वाक्य संपेपर्यंत आवाज उतरला. "तिची आजी म्हणती, दृष्ट काढू. म्या म्हणलं, म्याडमला विचारू आधी."

"खुंट्यापाशी हळू का केलंस?" वर्षालीने विचारलं.

दिव्याने खांदे उडवले. "सगळेच करतात."

"नियम आहे का तसा?"

"नाही."

"मग?"

दिव्याने रिमोट जमिनीवर ठेवला. सुजितच मधे पडला. "मॅडम, उगाच कशाला रिस्क? जिंकतोय ना आपण! गेल्या वर्षी पण जिंकलो, यंदा पण ढाल आपलीच. पुढच्या वर्षीचा खेळ पण सांगून टाका, दिव्याताई पास झाली की मी चालवणार."

"सुज्या, गप." दिव्या वर्षालीकडे वळली. ती आता आजोबांसारखीच रोखून बघत होती. "मॅडम, एक विचारू? रागवू नका. बाकीच्या शाळांनी पुस्तिका आल्यावर मैदान बांधायला घेतलं. आपलं आधीच होतं. गेल्या वर्षी पण. त्यांना दोन महिने मिळतात, आपल्याला चार. हे त्यांना माहीत आहे का?"

"नाही."

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

वर्षालीला खोटं सांगता आलं असतं. गेल्या आठवड्यापासून, असं म्हटलं असतं तर ते अर्धं खरंही होतं.

"एक वर्ष," ती म्हणाली.

कोंडीरामने रंधा खाली ठेवला. "काय म्हायती हाय? मला कुणी नीट सांगंल का?"

मग तिने सांगितलं. तक्ता, फोल्डर, ज्ञानेश, कॅनडाचे सर. तिने मोजून, क्रमाने, कंपनीतला अहवाल वाचावा तसं सांगितलं, कारण दुसऱ्या कुठल्या पद्धतीने तिला ते जमलं नसतं. खुंटा तिनेच घातला होता, हेही सांगितलं. पुढच्या वर्षीची ओळही सांगितली, त्यातलं शून्यसुद्धा. एक लहान मुलगी मधेच सुजितच्या मागे सरकली. सुजितचं तोंड उघडंच राहिलं होतं.

"म्हणजे आपण चोरी नाही केली," तो अखेर म्हणाला. "आपलंच होतं ना ते."

"आपलंच होतं, म्हणूनच." दिव्याचा आवाज चिरकला. तिने ओढणीचं टोक मुठीत धरलं होतं. "मॅडम, माझी मुलाखत आहे. आत्या सगळ्यांना सांगत सुटलीय. आबांनी फेटा बांधला होता."

"हो."

"मग तुम्ही वर्षभर का नाही बोललात?"

परीक्षा होत्या, सत्कार होता, हे सगळं खरं होतं, आणि त्यातलं एकही कारण नव्हतं. ढालीकडे बघणारी ही मुलगी तिला आवडत होती, एवढंच.

वारा थांबला होता. फटींमधून उन्हाचे पट्टे मैदानावर पडले होते. कुणी बटण बंद केलं नव्हतं, म्हणून रोबो पुलावर तसाच हलकेच गुणगुणत होता. दिव्या थांबली होती. कोंडीरामही थांबला होता. आता शांत बसलं तर तीही एक पद्धत पडेल, आणि पुढच्या रविवारी पुन्हा सगळं आपोआप सुरू होईल, हे वर्षालीला स्पष्ट दिसलं.

ती पुढे झाली, रोबोचं बटण बंद केलं आणि सरळ उभी राहिली.

"उद्या मी सगळ्या शाळांना लिहिणार आहे," ती म्हणाली. "ढाल आपण परत करतोय, दिव्या. आणि यंदा आपण उतरणार नाही."